वृद्धाश्रमांतील उत्सव : यजमान कोण?

पनवेलहून माथेरानच्या पायथ्याच्या रोखानें निघालें म्हणजे गाढी नदीच्या खोऱ्यांत नेरे हें गांव लागतें. पावसाळ्यांत भाताचीं हिरवीं खाचरें, उन्हाळ्यांत सुकलेले बांध, आणि बाराहि महिने समोर माथेरान व प्रबळगड यांचे डोंगर, एवढें सांगितलें कीं रायगड जिल्ह्यांतील, म्हणजे १९८१ पूर्वीं ज्यास कुलाबा म्हणत त्या जिल्ह्यांतील, कितीतरी गांवांचें वर्णन होऊन जातें. परंतु या गांवाचें नांव पंचक्रोशीबाहेर ज्या कारणानें पोंचलें तें कारण निराळें आहे. कुष्ठरोग निवारण समितीचें ‘शांतिवन’ येथें आहे. कुष्ठरोग्यांवर उपचार करून त्यांस पुन्हां आपल्या पायांवर उभें करणें हें समितीचें मूळ कार्य. पुढें आदिवासी मुलांची आश्रमशाळा, निसर्गोपचार केंद्र आणि वृद्धांसाठीं निवास अशीं कामें त्या परिसरांत वाढत गेलीं. समाजानें ज्यांस एके काळीं गांवकुसाबाहेर घातलें ते, आणि संसार आटोपल्यावर ज्यांस दुसरा निवारा शोधावा लागला ते, असे दोन प्रकारचे लोक एकाच भूमीवर शेजारी यावे, ही गोष्ट आम्हांस नुसत्या योगायोगापेक्षां अधिक अर्थाची वाटते.

वृद्धांच्या वस्तींत चालणारे सामुदायिक कार्यक्रम हा विषय इतिहासाच्या लेखास किरकोळ वाटेल. प्रथम अन्न, मग औषध, मग अंथरूण. भजन, वाढदिवस, गणपति, कोजागिरी हें सारें त्यानंतरचें, असें कोणीहि म्हणेल. हा क्रम खोटा नाहीं. परंतु मनुष्य एखाद्या जागीं नुसता ठेवला गेला आहे कीं तेथें नांदतो आहे, याची परीक्षा अन्नावरून होत नाहीं; अन्न तुरुंगांतहि मिळतें. ती परीक्षा सणाच्या दिवशीं होते. त्या दिवशीं स्वागत कोण करतो, पानें कोण मांडतो, पहिला मान कोणाचा, आणि आभार कोणीं कोणाचे मानावयाचे, हें पाहिलें म्हणजे त्या वस्तीचें अंतरंग कळतें. थोडक्यांत, आमचा प्रश्न एवढाच आहे कीं या उत्सवांचा यजमान कोण? या एका प्रश्नाच्या अनुरोधानें वार्धक्याच्या वसतिस्थानांचा इतिहास पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

म्हातारपणाची वेगळी वस्ती ही कल्पना आपल्याकडे अगदींच परकी आहे, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नाहीं. स्मृतिकारांनीं आयुष्याचे चार आश्रम सांगितले, त्यांतील तिसरा वानप्रस्थ. अंगावर सुरकुत्या दिसूं लागल्या, केस पिकले, नातवंडाचें मुख पाहिलें, म्हणजे गृहस्थानें वनाची वाट धरावी, अशी मनुस्मृतीची आज्ञा आहे. प्रत्यक्षांत किती गृहस्थ वनांत गेले हा प्रश्न वेगळा. बहुतेकांनीं ओसरीवर बसूनच वानप्रस्थ साजरा केला असावा. पण या कल्पनेंतील एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. वनांत जाणारा हा मनुष्य आपला अग्नि बरोबर घेऊन जातो. तेथेंहि तो आपले नित्याचे यज्ञ चालवितो, आणि आश्रमास आलेल्या अतिथीचा, कंदमुळांनीं कां होईना, सत्कार करतो. घर सुटलें, तरी यजमानपद सुटत नाहीं.

पुढें वनाची जागा क्षेत्रांनीं घेतली. पेशवाईंत बाजीरावाची मातोश्री राधाबाई १७३५ सालीं काशीयात्रेस गेली ती सर्व इतमामासह गेली आणि यात्रा पुरी करून परत आली. नानासाहेब पेशव्यांची पत्नी गोपिकाबाई हिनें आपलें उत्तरायुष्य नाशिकजवळ गंगापुरास काढलें. हीं थोरामोठ्यांचीं उदाहरणें झालीं. सामान्य वृद्ध, विशेषतः निपुत्रिक पुरुष व विधवा स्त्रिया, काशीस किंवा पंढरपुरास जाऊन राहत तेव्हां त्यांचा आधार म्हणजे कोणा धनिकानें चालविलेलें अन्नछत्र. या अन्नछत्रांनीं किती जीव जगविले असतील याची गणती नाहीं. त्यांच्या चालकांस नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. पण तेथें जेवणाऱ्या वृद्धाकडे एकच काम उरे. दात्याच्या पदरीं पुण्य पडावें म्हणून त्यानें जेवावयाचें. अग्नि दुसऱ्याचा, पात्र दुसऱ्याचें, पुण्यहि दुसऱ्याचें.

युरोपांतहि हाच प्रकार दिसतो. जर्मनींतील ऑग्सबुर्ग शहरीं याकोब फुग्गर या धनाढ्य सावकारानें १५२१ सालीं गरजू नगरवासीयांसाठीं घरांची एक वसाहत दान दिली. ‘फुग्गेराय’ या नांवानें ती आजहि नांदती आहे. वर्षाचें भाडें नाममात्र, एका युरोहूनहि कमी. परंतु अट अशी कीं रहिवाशानें फुग्गर घराण्यासाठीं दररोज तीन प्रार्थना म्हणाव्या. पांच शतकें टिकलेल्या या दानाची थोरवी कोणासहि नाकारतां येणार नाहीं. तथापि देणाऱ्यानें यजमान व्हावें आणि घेणाऱ्यानें त्याचें मंगल चिंतावें ही वांटणी काशीस काय किंवा ऑग्सबुर्गास काय, एकच.

महाराष्ट्रांत मात्र या वांटणीस न जुमानणारी दुसरी एक परंपरा आहे, आणि ती पंढरीच्या वारीची होय. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनीं १६८५ सालीं पालखीचा सोहळा सुरू केला असें मानतात; वारी त्याहूनहि पुष्कळ जुनी. या वारींत सत्तरी ओलांडलेलीं माणसें हजारोंनीं चालतात. त्यांस कोणी ‘ज्येष्ठ’ म्हणून वेगळें बसवीत नाहीं. दिंडींत कोणाच्या गळ्यांत वीणा, कोणाच्या हातांत टाळ, कोणाच्या खांद्यावर पताका, तर एखाद्या आजीबाईच्या डोक्यावर तुळशीवृंदावन. ज्यास गातां येत नाहीं तो टाळ धरतो, ज्याचे हात थकले तो पाऊल टाकतो. कांहींतरी काम नाहीं असा वारकरी नसतो. वाटेवरच्या गांवांनीं जेवूं घातलें तरी उपकार वारकऱ्यावर झाला असें गांवकरी मानीत नाहींत. तो आपणांवर झाला असें मानतात. शेवटीं दोघेहि एकमेकांच्या पायां पडतात. म्हातारपणीं मनुष्यास समाजांत कसें ठेवावें याचा एवढा मोठा धडा आपल्यापाशीं असतां आपण वृद्धाश्रम बांधतांना तो विसरलों, ही आश्चर्याची गोष्ट आहे.

विसरण्याचें कारण असें कीं आपला वृद्धाश्रम वारींतून निघाला नाहीं. तो इंग्रजी अमदानींतील अनाथगृहांतून निघाला. मुंबईचे दानशूर व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीनें १८६० नंतरच्या दशकांत पुण्यास अनाथ व पंगु लोकांसाठीं एक गृह उभें राहिलें. नव्या पेठेंतील ही जुनी संस्था पुणेकरांस ‘निवारा’ या सुटसुटीत नांवानें परिचित असून तिच्या सभागृहांत व्याख्यानें व पुस्तकप्रकाशनें होत आलीं आहेत. पण मूळच्या नांवांतील ‘अनाथ पंगु गृह’ हे शब्द पाहावे. वार्धक्य ही एक अवस्था न राहतां ती अनाथपण व पंगुपण यांच्या रांगेंत बसविली गेली. ज्यास कोणी नाहीं व ज्यास कांहीं करतां येत नाहीं, त्याचें नांव वृद्ध! पुढील शंभर वर्षें बहुतेक संस्थांनीं ही व्याख्या न बोलतां मान्य केली.

त्याच काळांत दुसरीकडून वार्धक्यास एक तारीख मिळाली. जर्मनींत बिस्मार्कच्या सरकारनें १८८९ सालीं सत्तर वर्षांवरील कामगारांसाठीं निवृत्तिवेतनाचा कायदा केला. आपल्याकडेहि सरकारी नोकरास ठराविक वर्षीं निवृत्त करण्याची पद्धत रूढ झाली. केंद्र सरकारनें ती मर्यादा १९६२ सालीं पंचावन्नावरून अठ्ठावन्नावर आणि १९९८ सालीं साठावर नेली. शेतकरी किंवा सुतार हळूहळू म्हातारा होत असे; कारकून व मास्तर एका संध्याकाळीं, हार व नारळ घेऊन, म्हातारे होऊं लागले. परंतु ज्यांनीं ही तारीख मानली नाहीं अशींहि माणसें आपल्यांत झालीं. महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलें तें १९३६ सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं. समता संघ स्थापन केला तो १९४४ सालीं, शहाऐंशीव्या वर्षीं. १९५८ सालीं त्यांच्या शंभरीस भारतरत्न हा किताब मिळाला. सर्वांस कर्वे होतां येत नाहीं हें उघड आहे. पण शहाऐंशी वर्षांच्या हातांत वीणा देतां येते, एवढें या उदाहरणानें सिद्ध होतें.

आतां नेऱ्याच्या भूमीकडे वळण्यास हरकत नाहीं. कारण या इतिहासांतील सर्वांत मोठें वळण कुष्ठधामांनीं घेतलें. १८९८ च्या कायद्यानें निर्धन कुष्ठरोग्यास धरून आश्रमांत कोंडण्याची मुभा सरकारास दिली होती; तो कायदा पुस्तकावरून पुसला गेला तो थेट २०१६ सालीं. जोडीदारास कुष्ठरोग आहे हें घटस्फोटाचें कारण कायद्यानें मानलें जाई, तेंहि २०१९ सालीं रद्द झालें. अशा बहिष्कृतांच्या सेवेस मनोहर दिवाण यांनीं १९३६ सालीं वर्ध्याजवळ दत्तपुरास, शिवाजीराव पटवर्धन यांनीं १९४६ सालीं अमरावतीच्या तपोवनांत, आणि बाबा आमटे यांनीं १९५१ सालीं वरोऱ्याजवळ आनंदवनांत वाहून घेतलें. या पिढीच्या कार्याचें वैशिष्ट्य असें कीं तिनें रोग्यास भिक्षापात्राऐवजीं कुदळ दिली. बोटें झडलेल्या हातांनीं विहिरी खणल्या गेल्या, शेतें पिकलीं, घरें उभीं राहिलीं. इतकेंच काय, १९६४ सालीं सुरू झालेलें वरोऱ्याचें आनंद निकेतन महाविद्यालय हें ज्यांस समाजानें टाकलें त्यांनींच समाजाच्या मुलांस दिलेलें दान आहे.

आनंदवनांत भरणाऱ्या मित्रमेळाव्यांकडे आम्हीं वाचकांचें मुद्दाम लक्ष वेधूं इच्छितों. मराठी साहित्यिक, गायक, नट मोठ्या हौसेनें तेथें जात. पण ते कोणाची करमणूक करावयास नव्हे, तर कोणाच्या तरी घरीं जात. मंडप घालणारे, पंगती वाढणारे, आलेल्यांस आपली शेतीवाडी दाखविणारे हे तेथील रहिवासीच. पाहुणे बाहेरचे आणि यजमान आंतले, ही साधी अदलाबदल शतकानुशतकांच्या अन्नछत्रास जमली नव्हती. ती कुष्ठरोग्यांच्या वसाहतीनें करून दाखविली.

पुढें औषधांनीं आपलें काम केलें. १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें बहुविध औषधोपचार सुचविला, आणि २००५ सालाच्या अखेरीस भारतांत या रोगाचें प्रमाण दर दहा हजारांत एकाहून खालीं आलें. नवे रोगी कमी झाले; रोग बरा झालेले, परंतु हातापायांवर त्याच्या खुणा राहिलेले जुने रहिवासी मात्र तेथेंच वयानें वाढत गेले. अशा रीतीनें कुष्ठधामांत वार्धक्य आपोआप वस्तीस आलें. आनंदवनांत ‘उत्तरायण’ नांवाचें ज्येष्ठांचें निवासस्थान झालें, नेऱ्यास शांतिवनांत वृद्धांचा निवास झाला, तें या ओघानेंच समजावें. बाहेरून आलेला वृद्ध येथें एका अर्थीं अशा शेजाऱ्याकडे राहावयास येतो, ज्यानें यजमानपद गमावून पुन्हां मिळविलें आहे.

मध्यंतरीं मध्यमवर्गाचें घर बदललें. चाळींतील दोन खोल्यांत आजीचा कोपरा ठरलेला असे; मुलें परगांवीं आणि मग परदेशीं गेलीं तेव्हां खोल्या वाढल्या आणि माणसें उरलीं नाहींत. या बदलाची चाहूल रंगभूमीस आधीं लागली. १९७० सालीं आलेलें वि. वा. शिरवाडकरांचें ‘नटसम्राट’ आणि त्याच दशकांतील जयवंत दळवींचें ‘संध्याछाया’ हीं नाटकें ज्या प्रेक्षकांनीं डोळे पुसत पाहिलीं, त्यांपैकीं अनेकांस पुढें स्वतःच्या वार्धक्याची तजवीज स्वतःच करावी लागली. १९९५ सालीं राज्य सरकारनें मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आखली. २००७ च्या केंद्रीय कायद्यानें आईबापांच्या पालनपोषणाचें कर्तव्य मुलांवर कायदेशीर रीत्या घातलें आणि प्रत्येक जिल्ह्यांत निर्धन वृद्धांसाठीं निदान दीडशें जणांचें आश्रयस्थान असावें अशी तरतूद केली. २०११ च्या शिरगणतींत साठीपुढील भारतीयांची संख्या दहा कोटींवर गेली होती. ज्यांस ऐपत आहे त्यांच्यासाठीं पुण्यास ‘अथश्री’सारखीं ज्येष्ठांचीं संकुलें निघालीं. छप्पर, अन्न, औषध यांचा प्रश्न सुटला असें नव्हे, परंतु तो प्रश्न आहे एवढें तरी समाजानें मान्य केलें.

उत्सवांचा प्रश्न मात्र जुन्याच वळणावर राहिला. संयुक्त राष्ट्रांनीं १९९० सालीं ठराव करून १ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा दिवस ठरविला आणि १९९१ पासून तो जगभर पाळला जातो. त्या दिवशीं आपल्याकडील कोणत्याहि वृद्धाश्रमांत काय घडतें हें बहुतेकांच्या पाहण्यांत असेल. गाडी येते, शाल व श्रीफळ निघतें, भाषणें होतात, छायाचित्रें घेतलीं जातात, आणि वामकुक्षीची वेळ टळलेलीं माणसें टाळ्या वाजवितात. एखाद्याच्या वाढदिवसाचें अन्नदान असलें तर ज्याचा वाढदिवस तो वाढतो, आणि ज्यांच्या वयाची चौकशी करावयाची ते खालीं मान घालून जेवतात. देणाऱ्यांचा भाव शुद्ध असतो. संस्थेची चूलहि पुष्कळदां त्यांच्यामुळेंच पेटते. परंतु पाहुणाच यजमान झाला म्हणजे घरचा मनुष्य काय होतो? तो उत्सवाचें निमित्त होतो, आणि निमित्तास कोणी मत विचारीत नाहीं.

या उलट आपल्या जुन्या संस्कारांची रीत पाहावी. सहस्रचंद्रदर्शन हा विधि घ्या. चांद्रमासाची लांबी सुमारें साडेएकोणतीस दिवस. तेव्हां हजार पौर्णिमा पुऱ्या होण्यास ऐंशी वर्षें आणि सुमारें दहा महिने लागतात. या हिशेबानें एक्याऐंशीच्या घरांत आलेल्या मनुष्याची शांति करतात. हजार दिव्यांनीं नाहींतर चांदीच्या चंद्रानें शोभा वाढवितात ती वेगळी; पण पाटावर यजमान म्हणून बसतो तो वृद्धच. संकल्प त्याचा, दान त्याच्या हातचें, आशीर्वादहि त्यानेंच द्यावयाचा. कर्मकांडावर ज्यांचा विश्वास नाहीं त्यांनीं मंत्र सोडावे. पाटाची जागा मात्र सोडूं नये.

उत्सवांत जुनें सारेंच चांगलें होतें असें म्हणण्याचा मात्र आमचा आशय नाहीं. संक्रांतीचें हळदीकुंकू हें स्त्रियांच्या समुदायाचें केवढें मोठें साधन. पण विधवेस त्यांत पाऊल टाकण्याची बंदी. वृद्धांच्या वस्तींत विधवांची संख्या मोठी असणार हें उघड आहे. तेथें घरच्या रीतीप्रमाणें हळदीकुंकू झालें तर दहा जणी पाटावर आणि वीस जणी खोल्यांत, असा देखावा व्हावयाचा. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवच्या ग्रामसभेनें मे २०२२ मध्यें विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. जें एका खेड्यास जमलें तें एका आश्रमास जमावयास काय हरकत आहे? किंबहुना नव्यानें जमलेल्या अशा वस्तीस हा एक मोठाच लाभ आहे कीं तिला सासर नाहीं. तिनें आपली रीत स्वतः ठरवावी. मात्र ती ठरवितांना त्या वीस जणींना प्रथम विचारावें. कारण त्यांच्यापैकीं एखादीस कुंकू लावून घेणें नकोहि असेल, आणि तिचा तो नकारहि तितकाच मानाचा आहे.

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला असा कीं अंथरुणास खिळलेल्या, स्मृति गेलेल्या वृद्धांस यजमानपण कसलें? यास उत्तर वारीनें दिलेलें आहे. सर्वांस वीणा पेलत नाहीं, म्हणून टाळ आहे. ज्यास बसतां येतें त्यानें शेंगा सोलाव्या, ज्यास बसतां येत नाहीं त्यानें आज कोणतें भजन व्हावें तें सांगावें. ज्यास तेंहि सुचत नाहीं त्याच्या हातीं आलेल्या पाहुण्यास देण्याचें फूल ठेवावें. यापलीकडे ज्याची शक्ति गेली त्याच्या खाटेशीं गाणें नेण्यापूर्वीं त्यास शांतता हवी आहे कीं काय, एवढें पाहणें हाच त्याचा मान. दुसरा आक्षेप स्त्रियांच्या वतीनें येईल, आणि तो अधिक तिखट असेल. चाळीस वर्षें चूल सांभाळून जी बाई येथें विसाव्यास आली, तिच्या हातीं पुन्हां पोळपाट देणें हेंच का तुमचें यजमानपद? हा टोला आम्हांस मान्य आहे. काम मिळणें आणि कामास जुंपलें जाणें यांतील भेद एका शब्दांत आहे. तो शब्द ‘नको’. जेथें ‘नको’ म्हणतां येतें तेथेंच सेवा ही सेवा असते. जिला लाडू वळण्यांत आनंद आहे तिनें ते वळावे; जिला नाहीं तिनें खुर्चींत बसून त्यांस नांवें ठेवावीं. तोहि घरच्या माणसाचाच अधिकार आहे.

अमेरिकेंत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटांत १९६० च्या १ जानेवारीस ‘सन सिटी’ नांवाची निवृत्तांची वसाहत खुली झाली. खेळ, हस्तकला, नाटक यांचीं मंडळें हेंच तिचें भांडवल होतें, आणि मंडळांचा कारभार रहिवाशांच्या हातीं राहिला. कर्तेपणाची ही बाजू घेण्यासारखी आहे. परंतु त्या वसाहतींत लहान मुलांस कायमचें राहतां येत नाहीं. वृद्धांचें राज्य झालें खरें, पण तें केवळ वृद्धांचें. आपणांस तें परवडणारें नाहीं. नेऱ्याची रचना या बाबतींत अधिक शहाणपणाची आहे. कुष्ठमुक्त, वृद्ध आणि आदिवासी विद्यार्थी यांचीं कामें एकाच संस्थेच्या छायेंत आलीं म्हणजे उत्सवास यजमानहि मिळतो आणि पाहुणाहि. गोष्ट सांगणाऱ्यास ऐकणारा लागतो. आणि माथेरानच्या उतारावरच्या ठाकर किंवा कातकरी मुलापाशींहि शहरांतल्या आजोबांस सांगण्यासारख्या पुष्कळ गोष्टी असतात.

इतिहासापासून व्यवहारास उपयोगी असा बोध काढावयाचा तर तो थोडाच आहे. कार्यक्रमाची वही रहिवाशांपाशीं असावी. बाहेरच्यानें दिवस कळवूं नये, दिवस विचारावा. देणगी कार्यालयांत द्यावी, पंगतींत मिरवूं नये. भाषण करावयाचेंच असेल तर तें घरच्यांपैकीं कोणीं तरी करावें व पाहुण्यानें ऐकावें. आणि महिन्यांतून एकदां तरी असा दिवस असावा कीं ज्या दिवशीं आश्रम दुसऱ्या कोणास कांहीं देईल, मग तें शाळेच्या मुलांस शिकविलेलें एक गाणें असो, शिवलेलें बटण असो, कीं गांवच्या भजनी मंडळास पाजलेला चहा असो.

येत्या सुट्टींत पनवेलकडे जाणाऱ्या वाचकानें नेऱ्यास किंवा आपल्या जवळच्या अशा कोणत्याहि वस्तीस अवश्य जावें. पण जातांना आपण कोणाच्या तरी घरीं जात आहों याचें स्मरण ठेवावें. दारांत थांबावें, बसा म्हटल्यावर बसावें, समोर येईल तो चहा पूर्ण प्यावा. निघतांना आभार आपणच मानावे, आणि पुन्हां कधीं येऊं, हें त्यांना विचारावें.